नृत्यनाट्याचा वारसा : लिटल बॅले ट्रूप

भारतात ‘बॅले’ ही संज्ञा पाश्चात्त्य नृत्यशैलीपेक्षा समूह, संगीत व कथानक यांच्या आधारे साकारणाऱ्या नृत्यनाट्यासाठी रूढ झाली. उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील केंद्रात आणि पुढे ‘इप्टा’च्या केंद्रीय पथकात कार्य केलेल्या शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ची स्थापना केली. या पथकाच्या ‘रामायण’मध्ये नर्तक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालचाली करतात, तर ‘पंचतंत्र’मध्ये पशुपक्ष्यांच्या चालीतून कथा उलगडते.

१९५४ मध्ये बर्धन यांचे निधन झाले आणि संस्थेच्या अस्तित्वाचाच प्रश्न निर्माण झाला. नृत्यरचना नाटकाच्या संहितेप्रमाणे कागदावर क्वचितच उतरते. ती नर्तकांच्या देहस्मृतीत वसते. जाणकार नर्तक पांगले, की रचनाही लोप पावते. गुल बर्धन व प्रभात गांगुली यांनी हा वारसा पुढील पिढ्यांच्या नर्तकांकडे सोपविला. पथक प्रथम ग्वाल्हेर व नंतर भोपाळ येथे स्थिरावले. गुल बर्धन यांना २०१० मध्ये पद्मश्री सन्मान लाभला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

तात्पर्य, प्रयोगकलांच्या जतनासाठी रंगमंचाइतकीच प्रशिक्षणाची अखंड व्यवस्थाही आवश्यक ठरते.