थोड्यांचे मोल

गोदावरीच्या काठी कोपरगाव वसलेले आहे. वरच्या अंगाला नाशिककडे मुसळधार पाऊस झाला आणि गंगापूर धरणातून व नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडले, की ते कोपरगावापर्यंत येऊन पोहोचते आणि नदी फुगते. अशा वेळी काठच्या वस्तीला आगाऊ सूचना मिळणे अगत्याचे असते.

आता अशी कल्पना करा, की नदीवर लक्ष ठेवण्यासाठी तेथे एक रखवालदार नेमला आहे. तो मोठा आळशी आहे. नदीकडे न पाहताच तो रोज सकाळी सांगतो, "आज पूर येणार नाही." त्या वर्षी पूर केवळ दोन दिवस आला. म्हणजे ३६५ दिवसांपैकी ३६३ दिवस त्याचे भाकीत खरे ठरले! शंभरांपैकी नव्याण्णवांहून अधिक गुण त्याच्या पदरी पडतील. परंतु ज्या दोन दिवसांसाठी त्याला नेमले होते, नेमके तेच त्याने चुकवले. मग त्या गुणांना काय अर्थ?

असाच पेच संगणकाला शिकवणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. संगणकाला पुष्कळ उदाहरणे दाखवतात आणि प्रत्येकाचे उत्तरही सांगतात. त्यांवरून तो एक नियम बसवतो व नव्या उदाहरणाला लावून पाहतो. या विद्येला ‘यंत्र-अध्ययन’ म्हणतात. परंतु दाखवलेल्या उदाहरणांत एक प्रकार अतिशय मोठा आणि दुसरा अगदी लहान असला, तर संगणकही त्या रखवालदारासारखाच वागू लागतो.

याचा एक खरा दाखला पाहण्यासारखा आहे. स्तनांच्या कर्करोगाचा सुगावा लवकर लागावा म्हणून क्ष-किरणांनी छायाचित्रे घेतात. त्यांत कधी कधी कॅल्शियमचे बारीक कण दिसतात. ते रोगाची खूण असू शकतात. अशा छायाचित्रांतून घेतलेल्या ११,१८३ नमुन्यांचा एक संग्रह आहे. त्यांत कण असलेले नमुने अवघे २६० आणि कण नसलेले १०,९२३. संगणकाने डोळे मिटून सर्वांना ‘कण नाहीत’ असे म्हटले, तरी त्याचे उत्तर शंभरांत सुमारे ९७.६८ वेळा बरोबर येते. पण मग ज्या स्त्रीला उपचारांची खरी गरज आहे, तिलाच तो ‘काळजी नको’ म्हणून घरी पाठवील.

पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेल्या नितेश चावला यांनी या प्रश्नात लक्ष घातले. २००२ साली त्यांनी केविन बॉयर, लॉरेन्स हॉल व फिलिप केगलमेयर यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील रीत ‘स्मोट’ या नावाने ओळखली जाते.

त्यापूर्वीचा एक उपाय असा होता, की थोडी असलेली उदाहरणेच पुनःपुन्हा दाखवायची. पण ही तर घोकंपट्टी झाली! तीच दहा गणिते पाठ करणारा विद्यार्थी आकडे बदलताच अडखळतो. संगणकाचेही तसेच होते.

चावला व त्यांचे सहकारी यांनी निराळा विचार केला. त्यांच्या रीतीप्रमाणे संगणक एक विरळ उदाहरण घेतो आणि त्याच्याशी अधिक साम्य असलेली दुसरी विरळ उदाहरणे शोधतो. त्यांपैकी एक निवडून तो त्या दोहोंच्या दरम्यान बसेल असे नवे उदाहरण घडवतो. समजा, एक ठिपका ४ भाग रुंद व ८ भाग ठळक आहे आणि दुसरा ६ भाग रुंद व १० भाग ठळक आहे. तर ५ भाग रुंद व ९ भाग ठळक असा तिसरा ठिपका कल्पिता येतो. याच्या जोडीला पुष्कळ असलेल्या उदाहरणांपैकी काही वगळतात. मग दोन्ही पारड्यांतील तफावत कमी होते. या संशोधकांनी केलेल्या ४८ प्रयोगांपैकी केवळ ४ प्रयोगांत ही रीत पहिली आली नाही.

तथापि, घडवलेली उदाहरणे शिकवण्यापुरतीच असतात. संगणकाची परीक्षा मात्र खऱ्या उदाहरणांवरच घ्यावी लागते. शिवाय दुसऱ्या टोकालाही जाऊन चालत नाही. रखवालदार जर रोजच ‘पूर आला’ म्हणून ओरडू लागला, तर लोक त्याच्याकडे लक्ष देईनासे होतील आणि खरा पूर येईल तेव्हाही घरातच बसून राहतील. यास्तव त्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. आलेल्या पुरांपैकी किती त्याने ओळखले? आणि त्याने दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती खरे ठरले?

या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणजे नव्याण्णव गुणांचा रखवालदार खरोखर कसा आहे ते कळते. कोरड्या दिवसांची संख्या कितीही मोठी असो, नदीकाठच्या माणसाचा जीव त्या दोन दिवसांवरच अवलंबून असतो.