कण्याची कहाणी : ११
हात लावायला माणूस

कमरेच्या पट्ट्याचं या आठवड्यासाठी कबूल केलं होतं. तो आता पुढच्या रविवारी. मध्येच बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईवडील दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. बाई विचारतात, "डोक्यावर मोळ्या वाहून बायांच्या कमरा जातात म्हणतात, ते खरं का?"

अर्धंच खरं. मोळी डोक्यावर नीट बसली की वजन मणक्यांवरून सरळ खाली उतरतं. मान भोगते, गुडघे भोगतात, पण कमरेला ते त्यातल्या त्यात झेपतं. घात होतो तो मोळी जमिनीवरून उठताना.

जर्मनीत उल्मला एका ४५ वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या गड्याच्या कमरेच्या चकतीत दाबमापक बसवून दिवसरात्र नोंदी घेतल्या होत्या. १९९९ साली त्या प्रसिद्ध झाल्या. नुसतं उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल. २० किलोचं ओझं अंगाशी धरून उभं राहिल्यावर १.१. तेच ओझं पाठ वाकवून उचलताना २.३, म्हणजे नुसतं उभं असतानाच्या साडेचार पटींहून जास्त. आणि उसाची मोळी ३०-४० किलोंची सहज भरते.

त्याआधी काय झालेलं असतं तेही बघा. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त आणि खोडवाही मग नीट फुटतो. त्यामुळे कोयता चालतो तोवर माणूस वाकलेलाच. कॅनडातल्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी माणसांना २० मिनिटं पूर्ण वाकवून ठेवलं, तेव्हा पाठीचे ताणलेले बंध दोन मिनिटांनी जेमतेम निम्मे पूर्वपदावर आले होते. फडात दोन मिनिटं कोण थांबतं? वाढ्याने मोळी आवळली की लगेच उचल. (अंगावर घेतलेल्या पैशालाही तिकडे उचलच म्हणतात.)

एका फडात मी बराच वेळ बांधावर बसून होतो. चुंबळ ठेवून बाई उभी राहायची, हाक मारायची, "हात लावा ओ!" नवरा मोळीचं एक टोक धरायचा, दुसरं ती. दोघांनी मिळून उचललेली मोळी डोक्यावर जायची तेव्हा तिची पाठ जवळजवळ ताठ असे. मग तो पलीकडच्या सरीत गेला. तिने दोन हाका मारल्या, वाट पाहिली आणि कमरेत पिळा घेऊन एकटीनेच मोळी उचलली. वाकणं, पिळणं आणि वजन तिन्ही एकदम. त्यापुढे ट्रकच्या फळीवरून चढणं मला सोपं वाटलं.

मोळी लहान बांधा, हे सांगणं सोपं आहे. मजुरी टनावर, मोळी लहान तर खेपा जास्त आणि ट्रक भरेपर्यंत रात्र. तेव्हा बाई, मुलांबरोबर एवढाच निरोप धाडा : कोयता ठेवल्यावर आधी सरळ उभं राहून पाणी प्या, मग मोळीला हात घाला, आणि एकटीने घालू नका.

पट्ट्याबद्दल ज्यांनी पत्रं लिहिली आहेत, त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत तो विकत घेऊ नये.