रंगाचे पाणी आणि शीत प्लाझ्मा

इ. स. १८५६ मध्ये विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा विद्यार्थी लंडन येथे दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्यांपासून क्विनीन बनविण्याच्या खटपटीत होता. क्विनीन हाती लागले नाही. हाती आला तो एक सुरेख जांभळा रंग. कृत्रिम रंगांच्या युगाचा तो आरंभ होय. पुढे उन्हात न विटणारे व साबणाने न उतरणारे असे शेकडो रंग निघाले.

कापडावर गुण ठरणारा हा टिकाऊपणा पाण्यात मात्र दोष ठरतो. हौदातील सगळाच रंग धाग्याला धरत नाही. उरलेला धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीजवळून जाणारी पंचगंगा नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे बेळगाव जिल्ह्यात शिरते. वरच्या गावाने सोडलेले पाणी खालच्या गावाच्या वाट्यास येते, ते असे. गडद पाण्यात सूर्यप्रकाश खोल जात नाही, जलवनस्पतींचे पोषण खुंटते आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. अॅझो जातीच्या रंगांत नत्राच्या दोन अणूंची जोडी असते. प्राणवायूच्या अभावी जंतूंनी ती तोडली, तर उरणाऱ्या अमाइन द्रव्यांपैकी काही कर्करोगकारक असतात.

तुरटी किंवा कोळशाची पूड रंग वेगळा करते, नष्ट करीत नाही. तो गाळात जाऊन बसतो. शीत प्लाझ्माचा मार्ग निराळा आहे. वायूला पुरेसा विद्युत्‌दाब दिला, की त्यातील इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेस अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये प्लाझ्मा हे नाव दिले. आकाशातील वीज हा त्याचा तप्त प्रकार. दोन विद्युत्‌अग्रांमध्ये काचेचा पडदा ठेवला, तर ठिणगी पेटताच विझते. हलके इलेक्ट्रॉन तेवढे प्रचंड वेग घेतात, वायू मात्र जवळजवळ थंडच राहतो. याच तत्त्वावर वेर्नर झीमेन्स यांनी १८५७ मध्ये ओझोन तयार केला होता.

हे वेगवान इलेक्ट्रॉन हवेवर व बाष्पावर आदळून ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करतात. हायड्रॉक्सिल अत्यंत अल्पायुषी असल्याने तो साठविता येत नाही, जागच्या जागीच घडवावा लागतो. तो रंगाच्या रेणूतील वर्णदायी बंध प्रथम तोडतो, मग कर्बाची कडी फोडतो. क्रिया पूर्ण झाली तर कर्बवायू, पाणी व साधे क्षार उरतात.

परंतु रंग गेला म्हणजे विष गेले, असे नव्हे. प्रयोगशाळेत मेथिलीन ब्ल्यूचे निळे पाणी काही मिनिटांत निवळू शकते. त्यातील एकूण कर्ब मात्र फार सावकाश घटतो. मधल्या अवस्थेतील तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय हवेतील नत्रापासून नायट्रिक आम्ल बनून पाणी आंबट होते, रंगाईतील मीठ तसेच राहते आणि खळीसारखी इतर द्रव्ये मूलकांचा बराच भाग खाऊन टाकतात. त्यामुळे विजेचा खर्च वाढतो. म्हणून जंतुक्रियेने न सुटलेल्या शेवटच्या रंगासाठी ही पद्धत योजणे अधिक सयुक्तिक ठरते. तिचे यश पाण्याच्या निर्मळ दिसण्यावरून नव्हे, तर त्यात उरलेल्या कर्बावरून व त्यात जीव जगतात की नाही, यावरून मोजले पाहिजे. नदीकाठी घागर भरणाऱ्या गृहिणीला ही परीक्षा करता येत नाही. ती पाणी सोडण्यापूर्वीच झाली पाहिजे.