इद्दतीत लिहून घेतलेला राजीनामा

तलाक झालेल्या घरी भेटायला जाणे अवघड असते. मय्यतीच्या घरी काय बोलायचे हे ठरलेले असते, इथे काहीच ठरलेले नसते. मागच्या वर्षी नागपुरात मोमिनपुऱ्याच्या एका गल्लीत आम्ही अशाच एका घरी गेलो. मुलगी आमच्याच पेशातली. खासगी शाळेत नऊ वर्षे गणित शिकवलेले, पदरात दोन लेकरे. (नाव लिहीत नाही. नाव सोडून बाकी सगळे लिहा, असे तिनेच सांगितले.) तलाकबद्दल कसे बोलावे म्हणून आम्ही शब्द जुळवत होतो, तर तीच म्हणाली, "आपा, तलाकचे मी सोसून घेईन. पण नोकरीही गेली, ते कोणाला सांगू?"

घडले ते असे. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या बैठका झाल्या, समेट झाला नाही. तलाक झाला आणि ती मुलांना घेऊन माहेरी आली. पहिल्याच दिवशी शेजारच्या बायकांनी बजावले की आता तीन महिने उंबरठा ओलांडायचा नाही. तिने शाळेला रजेचा अर्ज पाठवला. निरोप आला की एवढी रजा मिळणार नाही, राजीनामा लिहून द्या, नंतर बघू. तिने मुलाच्या वहीचे पान फाडले, दोन ओळी लिहिल्या आणि भावाच्या हाती पाठवल्या. इद्दत संपवून ती शाळेत गेली तेव्हा तिच्या वर्गावर दुसरी शिक्षिका उभी होती.

इद्दत हा अल्लाहचा हुकूम आहे, त्यात वाद नाही. सूरह बकरामध्ये तीन हैजची मुदत सांगितली आहे. बाई गरोदर असेल तर प्रसूतीपर्यंतची, हे सूरह तलाकमध्ये आहे. पण त्याच सूरह तलाकच्या पहिल्या आयतीत दोन गोष्टी एकत्र आहेत. इद्दतीत बायकांना त्यांच्या घरातून काढू नका, आणि त्यांनीही निघून जाऊ नये. पुढे तिच्या राहण्याची सोय पतीने आपल्या ऐपतीप्रमाणे करावी असेही आले आहे. आता आपल्या मोहल्ल्यात काय होते ते पाहा. तलाकचा शब्द निघताच मुलीला बॅगेसह माहेरी पोहोचवतात आणि मग तिथे तिला कोंडून ठेवतात. आयतीतला पुरुषावरचा हुकूम गळाला, बाईवरचा तेवढा उरला. हे आम्हाला पटत नाही.

सही मुस्लिममध्ये, तलाकच्या प्रकरणात, हजरत जाबिर (रजि.) यांच्या खालाची हदीस आहे. त्यांना तलाक झाला होता आणि त्या इद्दतीत होत्या. खजुरीच्या झाडांची फळे उतरवायला त्या निघाल्या, तर एका माणसाने त्यांना हटकले. त्या हुजूर (सल्ल.) यांच्याकडे गेल्या. हुजूरांनी त्यांना आपल्या झाडांची फळे उतरवण्याची परवानगी दिली आणि सांगितले की कदाचित त्यातून त्या सदका करतील किंवा एखादे भले काम करतील. हटकणारा माणूस तेव्हाही होता. फरक एवढाच की खाला त्याचे ऐकून घरी बसल्या नाहीत, विचारायला गेल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्यापैकी बहुतेक घरे हनफी आहेत आणि हनफी फिकहमध्ये तलाकच्या इद्दतीत बाहेर पडण्यावर बंधन अधिक आहे. त्याचे कारणही फुकहांनी दिले आहे: तिचा त्या काळातला खर्च पतीवर असतो, म्हणून कमाईसाठी बाहेर जायची तिला गरज नसते. पण तो खर्च मिळतच नसेल तर? मग मसला जरूरतीचा होतो. दिवसा कामावर जाऊन रात्री घरी येण्याबद्दल मुफ्ती साहेबांना आपली खरी परिस्थिती सांगून विचारावे. या मुलीने विचारले नाही, कारण तिच्या वतीने सगळ्या गल्लीने उत्तर देऊन टाकले होते.

आता राजीनाम्याचे. शाळेत वर्षानुवर्षे नोकरी करूनही हा कायदा आपण शिक्षक वाचत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा लागू आहे. त्यात राजीनामा कसा द्यायचा याचीही रीत आहे. पत्राच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. ही रीत उगीच ठेवलेली नाही. समोर बसवून, घाबरवून कागद लिहून घेतले जाऊ नयेत म्हणून ती आहे. वहीच्या पानावरच्या त्या दोन ओळी या रीतीत कुठेच बसत नव्हत्या. नोकरीवरून कमी केले तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. नागपुरात हे न्यायाधिकरण आहे. मुदत ३० दिवसांची, पण उशिराचे सबळ कारण पटले तर नंतरही अपील घेतले जाऊ शकते. तिचे ३० दिवस इद्दतीतच निघून गेले होते. वकिलांनी उशिराचे कारण म्हणून तेच लिहिले.

नोकरी परत मिळो न मिळो, ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर राजीनामा दिला तरी तिच्यावर हक्क राहतो. शिक्षकांना हा कायदा लागू नाही असे अजून काही शाळा सांगतात, ते खरे नाही. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक त्यात आले, तेही १९९७ पासून, आणि ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कायम ठेवली. हिशेब सोपा आहे: शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षे. १४,००० रुपये आणि नऊ वर्षे धरली तर ७२,६९२ रुपये होतात. हा हिशेब गणिताच्या शिक्षिकेला आम्ही करून दाखवला तेव्हा ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

महरचे तसेच. निकाहनाम्यात ५१,००० रुपये उधार लिहिलेले होते. एक नातेवाईक म्हणाले, माफ करून टाक, खानदानी लोक मागत नाहीत. सूरह निसामध्ये बाईने आपल्या खुशीने सोडलेल्या महरची सवलत आहे. चार माणसांत बसवून सोडायला लावलेल्याची नाही. शिवाय १९८६ च्या कायद्याप्रमाणे महर, लग्नात मिळालेल्या वस्तू आणि पुढच्या आयुष्यासाठी वाजवी तरतूद, हे सगळे ती मॅजिस्ट्रेटकडे मागू शकते. ही तरतूद इद्दतीच्या तीन महिन्यांपुरती नसून पुढचाही विचार करून द्यायची, पण द्यायची मात्र इद्दतीच्या आत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दानियल लतीफी प्रकरणात सांगितले. १० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वसाधारण कायद्याखाली पोटगी मागण्याचा रस्ताही तलाकशुदा मुस्लिम महिलेला मोकळा असल्याचे स्पष्ट झाले. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

तिचे अब्बा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ही मिल २००२ मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. त्या वेळी गल्लीतली कितीतरी घरे एकदम बसली, पण लोक एकमेकांच्या दारात उभे राहिले. कोणी उधार किराणा दिला, कोणी दुकानावर बसवले. अब्बांना कोणी विचारले नाही की तुमची काय चूक झाली म्हणून मिल बंद पडली. लेकीला मात्र पहिला प्रश्न तोच. "तूच काही बोलली असशील." नोकरीबद्दलही तोच.

आणखी एक, थोडे कडू वाटेल. रमजानमध्ये अशा बहिणींना पीठ, साखर, खजुराची किट मिळते, कधी सोबत फोटोही काढतात. देणाऱ्यांच्या नीयतीबद्दल काही म्हणायचे नाही. पण जी बाई हकदार आहे तिला त्याच जकातीतून सहा महिन्यांचे खोलीभाडे किंवा बीएड पूर्ण करायची फी दिली तर पुढच्या रमजानला ती किटच्या रांगेत दिसणार नाही.

तिने सुरुवात शिकवण्यांपासून केली. चार मुले, महिन्याला ३०० रुपये, बैठकीत चटई टाकून. पहिल्या महिन्याचे बाराशे रुपये तिने अम्मीच्या हातात ठेवले. अम्मीने त्यातले दोनशे परत देऊन फळा आणायला सांगितले. रेशनकार्डावरचे नाव बदलायला, मुलांचे दाखले काढायला किती खेपा झाल्या ते लिहीत बसलो तर पान संपेल. प्रत्येक खिडकीवर तलाकचा कागद मागत आणि तलाकनामा दाखवला की कोर्टाचा मागत. अशी अडचण झाल्यास कौटुंबिक न्यायालयाकडून वैवाहिक स्थितीची घोषणा मागता येते. तिनेही आता तो अर्ज केला आहे. रात्री मुले झोपली की ती रडत असे, हे अम्मीने सांगितले, तिने नाही. अजूनही कधीकधी रडते.

आता ती कामठीच्या एका शाळेत तात्पुरती शिकवते, पगार आधीपेक्षा कमी. संध्याकाळी बैठकीत २२ मुले असतात आणि चटई पुरत नाही. महरचे दोन हप्ते आले, तिसरा रखडला आहे. न्यायाधिकरणातली तारीख पुढच्या महिन्यात आहे. परवा मुलीला ताप होता म्हणून तिने एका दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. दोन प्रतींत. एकीवर शाळेचा शिक्का घेऊन ती तिने फाइलला लावली.