खाली वाकलेला माणूस

जालन्यातली एखादी गल्ली, रात्रीचे साडेदहा. कामावरून परतणाऱ्या माणसावर एक कुत्रं भुंकत धावून येतं. रस्ता सिमेंटचा, दगड औषधालाही नाही. तरी माणूस कमरेत वाकतो, हात जमिनीकडं नेतो आणि कुत्रं जागच्या जागी वळून शेपूट घालून पळत सुटतं. हे आपण इतक्या वेळा पाहिलंय की त्यातलं नवल दिसेनासं झालंय. दगड नव्हताच. कुत्र्यानं वाचली ती माणसाची कंबर. वाकणं आणि लागणं यांच्यात जेमतेम एक-दोन सेकंदांचं अंतर असतं. तेवढ्या धाग्यानं दोन गोष्टी त्याच्या मेंदूत बांधल्या गेल्या, कदाचित एकाच दगडानं.

पाळलेल्या कुत्र्याच्या ज्या सवयींनी घर वैतागतं, त्यातल्या बहुतेक याच धाग्यानं विणलेल्या असतात. आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की आपण काय शिकवतोय ते आपल्याला कळायच्या आत कुत्र्याला कळलेलं असतं.

भुंकण्याचंच बघा. अंबड-घनसावंगीकडं मोसंबीच्या बागेत, आखाड्यावरचं कुत्रं रात्रभर भुंकतं म्हणून तर पीक वाचतं. रोही आला, रानडुकरं शिरली, की पहिल्यांदा त्याला लागतो सुगावा. माणसाचा कान २० हजार हर्ट्‌झपाशी थांबतो, कुत्र्याचा ४५ हजारांच्या आसपास जातो. ते भुंकतं, मालक बॅटरी घेऊन बाहेर येतो, पाठीवर थाप देतो. पुढं पोरांच्या शाळेपायी बिऱ्हाड जालन्यात येतं, मागोमाग कुत्रंही येतं. तोच कान, तोच गळा, तीच राखण. पण आता भिंतीला भिंत लागून शेजार आहे, आणि आठ दिवसांत पहिली तक्रार दारात येते. कुत्र्यात काही बिघडलेलं नसतं. त्याची नोकरी गेली आणि ते कुणी त्याला सांगितलं नाही, एवढंच.

हा गळासुद्धा बराचसा आपल्याच संगतीत घडलाय. मोठा झालेला लांडगा क्वचितच भुंकतो. १९५९ मध्ये सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्यायेव यांनी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. माणसाला न बुजणारे तेवढे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची, दुसरं काही नाही. थोड्याच पिढ्यांत ती पिल्लं माणूस दिसला की शेपूट हलवू लागली. कुत्र्याच्या बाबतीत ही निवड आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षं, न ठरवता केली. गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एक ब्राँझचा रथ सापडला. त्याला दोन बैल जुंपलेत, हाकणारा माणूस उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रं उभं आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या ओतकाम करणाऱ्याला कुत्र्याशिवाय माणसाची सवारी पुरी वाटली नाही, हे मला फार जवळचं वाटतं.

तर हे कुत्रं आता शहरातल्या दारात बसलंय. कुरिअरवाला येतो, कुत्रं भुंकतं, कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जातो. आपल्या लेखी त्याचं काम संपलं. कुत्र्याच्या लेखी, आपण भुंकलो म्हणून तो पळाला. रोज एक विजय! मोटारसायकलमागं धावणाऱ्या कुत्र्याचंही तेच, कारण मोटारसायकल दर वेळी पळून जातेच. आपण आतून ‘ए, गप!’ म्हणून ओरडतो, तेव्हा त्याला तीही साथच वाटू शकते.

हा हिशोब मोडायला आरडाओरडा कामाचा नाही, क्रम बदलावा लागतो. घरातल्याच कुणाला तरी बाहेर उभं करून घंटी वाजवायला सांगा. घंटी वाजली, की भुंकायच्या आत कोपऱ्यातल्या घोंगडीवर भाकरीचा तुकडा टाकायचा. दिवसातून आठ-दहा वेळा, रोज. काही दिवसांनी घंटी वाजताच ते दाराऐवजी घोंगडीकडं बघू लागतं. ज्या क्षणी ते बघतं, तो क्षण पाहण्यासारखा असतो. जुन्या आवाजाला नवा अर्थ फुटलेला आपल्याला डोळ्यांनी दिसतो. सोबत गेलेल्या नोकरीच्या बदली दुसरं काही काम द्यायला हवं. कुत्र्याच्या नाकात वास टिपणारे २० कोटींहून अधिक ग्राहक असतात, आपल्या नाकात पन्नास-साठ लाख. सकाळी अर्धा तास त्याला ओढत न नेता, खांब न् खांब, झुडूप न् झुडूप हुंगू दिलं, तर घरी येऊन ते असं निवांत झोपतं की जणू सगळा पेपर वाचून झालाय.

ताटाशी हावरटपणा करणाऱ्याला दहादा ‘नाही’ म्हणून अकराव्यांदा चतकोर टाकला, तर अकरा वेळा मागावं लागतं एवढंच ते शिकतं. कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसाची सवय रोज मिळणाऱ्यापेक्षा चिवट असते. देणं सगळ्यांनी एकदम बंद केलं की मागणं आधी वाढतं, आणि नेमकं तिथंच घरातलं कुणी तरी विरघळतं. ‘ये’ म्हणून बोलावून लगेच साखळी अडकवणाऱ्याकडं कुत्रं यायचं थांबतं. त्याच्या जागी आपणही थांबलो असतो.

आता चेहऱ्याबद्दल. चप्पल कुरतडलेली दिसते, आपण आवाज चढवतो, कुत्रं कान पाडून डोळे चोरतं. ‘बघा, त्याला कळतंय’, असं आपण म्हणतो. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हेच तपासलं. तो अपराधी चेहरा गुन्ह्यावर अवलंबून नव्हता, मालकाच्या रागावण्यावर होता. ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा कुत्र्यांवर ओरडलं, तर त्यांचाही चेहरा पडला. म्हणजे दुपारी कुरतडलेल्या चपलेची संध्याकाळी दिलेली शिक्षा चपलेपर्यंत पोचतच नाही. कुत्रं एवढंच शिकतं, की धनी घरी येतो तेव्हा कधी कधी भीती वाटते.

गुरगुरण्याबद्दल तर मी कळकळीनं सांगेन. त्याच्यासाठी कुत्र्याला कधी मारू नका. ते जबडा चालवण्याआधी किती तरी वेळा विनवतं. झोप नसता जांभई देतं, ओठ चाटतं, मान फिरवतं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दाखवतं, मग अंग ताठ करतं, मग गुरगुरतं. मार देऊन गुरगुर बंद केली तर भीती आत तशीच राहते, फक्त इशारा जातो. ‘काही न करता चावलं’ असं ज्या कुत्र्याबद्दल सांगतात, त्याचं बोलणं अनेकदा आधीच बंद केलेलं असतं. आणि शांत कुत्रं एकाएकी अंगावर येऊ लागलं तर आधी कान, दात, सांधे दाखवायला जनावरांच्या दवाखान्यात न्यावं. दुखणं हेही तऱ्हेवाईकपणाचं मोठं कारण असतं. वर्षाची रेबीजची लस तर चुकवायचीच नाही.

भीतीची मुळं फार लवकर रुजतात. भाद्रपद आणि कुत्री ही जोडी आपल्या बोलण्यात उगाच आलेली नाही. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांचा माज त्याच सुमाराला असतो. कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण राहते, म्हणजे पिल्लं कार्तिकात, दिवाळीच्या आगेमागे. जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले आणि कानही बंद! बाहेर लवंगी, सुतळी बॉम्ब फुटत असतात आणि आईच्या पोटाशी ती पूर्ण शांततेत दूध पितात. दोनेक आठवड्यांनी डोळे उघडतात, मग कान. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत त्यांच्या मनाचं दार सताड उघडं असतं. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे दाखवलं, १९६५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. या दिवसांत जे भेटलं ते जग आपलं, जे भेटलं नाही त्याचा पुढं धसका.

आपण नेमकं याच काळात पिल्लाला आईपासून उचलतो आणि ‘राखणीला तिखट व्हावं’ म्हणून बांधून ठेवतो. ते तिखट होत नाही, भित्रं होतं, आणि भित्रं कुत्रंच जास्त चावतं. आठ आठवड्यांपर्यंत त्याला आईपाशी, भावंडांत राहू द्यावं. खेळताना भावंड कळवळलं की दात किती जोरात लावायचे ते तिथं समजतं. मग पौषाच्या उन्हात, रस्त्यावर न सोडता, कडेवर घेऊन त्याला जग दाखवावं. पागोटंवाले आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकणारी आजी, कुकरची शिट्टी, बँडचा आवाज, प्रत्येकासोबत एक गोड घास. मोठ्या कुत्र्यालाही फटाक्यांची भीती घालवता येते, पण हळूहळू. दिवाळीच्या दोन-तीन महिने आधी फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावायचा, सोबत आवडीचा खाऊ द्यायचा, आणि कुत्रं निवांत असेल तरच पुढल्या दिवशी कणभर मोठा करायचा. प्रत्यक्ष दिवाळीत ते पलंगाखाली शिरलं तर ओढू नये. जवळ बसून हात फिरवला तर भीती वाढते हा निव्वळ गैरसमज आहे.

आणि दगडाला घाबरून पळालेलं ते गल्लीतलं कुत्रं? कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अशाच रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०२० मध्ये त्यांना दिसलं, की अनोळखी माणसानं दोनपैकी एका वाडग्याकडं बोट दाखवलं, तर जवळ येण्याचं धाडस केलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के त्याच वाडग्याशी गेली. कुणी न शिकवलेली, रोज हाड-हाड ऐकणारी कुत्री! त्याआधी, २०१७ च्या अभ्यासात, त्यांनी काही कुत्र्यांना भेटीगणिक खाऊ दिला, काहींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. त्या अनोळखी माणसापाशी पुढं जास्त ओढीनं आली ती हात फिरवलेली.

हे वाचल्यापासून मी आमच्या गल्लीत वाकताना अंग थोडं तिरकं ठेवतो, नजर जमिनीवर, हात मोकळा. तांबूस रंगाची एक कुत्री आहे. पहिले कित्येक दिवस ती पळायची. आता पळत नाही, चार पावलांवर थांबून हवेत नाक उंच करते.