सहा ड्राइव्ह, एक केबल : आणि बोलणं थांबलं तर?

मागच्या भागात आपण एक ड्राइव्ह पीएलसीला साध्या तारांनी जोडला होता. आज एकाऐवजी सहा ड्राइव्ह आहेत आणि तारांच्या जागी इथरनेट केबल आहे. तुम्ही पुण्यात असा, बडोद्यात, इंदुरात की होसूरला, पॅनेल उघडल्यावर दिसणारं चित्र सारखंच असतं. म्हणून वही घ्या आणि बरोबर चला.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. पशुखाद्याच्या एका कारखान्यात सहा ड्राइव्ह मी मॉडबस टीसीपीवर जोडले होते. चार स्क्रू कन्व्हेयर, दोन बकेट एलिव्हेटर. केबल पीएलसीतून पहिल्या ड्राइव्हला, पहिल्यातून दुसऱ्याला, अशी माळेसारखी ओवलेली. काम छान चाललं, बिलही निघालं. काही महिन्यांनी एकदा पाचव्या कन्व्हेयरमध्ये माल अडकला असं वाटलं म्हणून ऑपरेटरने टच स्क्रीनवरून सगळी लाइन थांबवली. स्क्रीनवर सहाही चौकोन लाल झाले : ‘बंद’. हेल्पर झाकणाचे बोल्ट सोडू लागला. शेजारी हॅमर मिलचा एवढा आवाज, की बाकी काही ऐकू येईना. तेवढ्यात एका जुन्या फिटरकाकांचं लक्ष पाचव्या मोटरच्या मागच्या पंख्याकडे गेलं. पंखा फिरत होता. त्यांनी ओरडून पोराला मागे ओढलं. झाकणाखाली स्क्रू पूर्ण वेगात चालू होता.

झालं होतं असं, की दुसऱ्या आणि तिसऱ्या ड्राइव्हमधला प्लग सैल होऊन निघाला होता. तिसऱ्यापासून पुढच्या चारही ड्राइव्हना ‘थांबा’ हा निरोप पोचलाच नाही. शेवटची आज्ञा ‘चाल’ होती, ती धरून ते चालत राहिले. कुणाला इजा झाली नाही, ती काकांची कृपा. माझ्या त्यात तीन चुका होत्या. त्या कोणत्या, ते जोडणी समजून घेता घेता पाहू.

आधी इथरनेट का, ते बघू. तारांनी जोडताना एका ड्राइव्हला स्टार्टची तार, रिसेटची तार, वेगासाठी ४ ते २० मिलिअँपिअरची जोडी, ‘चालू आहे’ आणि ‘फॉल्ट आहे’ हे परत सांगणाऱ्या तारा, असं करत आठ-दहा तारा लागतात. सहांच्या पन्नास-साठ होतात, शिवाय पीएलसीला ॲनालॉग कार्ड वेगळं. इथरनेटमध्ये एकाच केबलवरून आज्ञा जाते, वेग जातो आणि करंट, फॉल्टचा क्रमांक असं बरंच काही परत येतं.

पण प्लग सारखा म्हणजे भाषा सारखी नव्हे. मॉडबस टीसीपी, इथरनेट आयपी आणि प्रोफिनेट या तिन्हींची केबल एकच दिसते, तरी एका भाषेचा ड्राइव्ह दुसऱ्या भाषेच्या पीएलसीशी आपोआप बोलत नाही. मॉडबस यातली सगळ्यात जुनी. १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने ती आणली, पुढे तीच इथरनेटवर आली. तिच्यात पीएलसी एकेका ड्राइव्हला विचारतो आणि ड्राइव्ह उत्तर देतो. प्रोफिनेटमध्ये दोघेही ठरलेल्या वेळाने न विचारता एकमेकांना डेटा पाठवत राहतात. ड्राइव्ह विकत घेण्याआधीच त्याची भाषा तपासा.

आज उदाहरण घेऊ सीमेन्सच्या एस७-१२०० पीएलसीचं आणि प्रोफिनेटवाल्या जी१२० ड्राइव्हचं. या पीएलसीला प्रोफिनेटवर १६ उपकरणं जोडता येतात, म्हणजे आपले सहा आरामात बसतात.

पहिली पायरी पत्त्याची. पीएलसीला १९२.१६८.०.१ द्या, ड्राइव्हना १९२.१६८.०.११ ते १९२.१६८.०.१६. सबनेट मास्क सगळ्यांचा एकच, २५५.२५५.२५५.०. एकच पत्ता दोघांना गेला, की कधी एक दिसेल, कधी दुसरा, आणि तुम्ही दिवसभर केबल बदलत बसाल. प्रोफिनेटमध्ये पत्त्याहून महत्त्वाचं असतं उपकरणाचं नाव. पीएलसी नावाने ड्राइव्ह शोधतो आणि मग त्याला पत्ता देतो. म्हणून नाव देताना सॉफ्टवेअरमधून त्या ड्राइव्हचा दिवा लुकलुकवून खात्री करा. दोन नावांची अदलाबदल झाली, तर तुम्ही दुसरा चालू कराल आणि फिरेल चौथा.

दुसरी पायरी, काय बोलायचं ते ठरवणं. यासाठी तयार साचे असतात, त्यांना टेलिग्राम म्हणतात. टेलिग्राम १ सगळ्यात सोपा. पीएलसीकडून दोन शब्द जातात : कंट्रोल वर्ड आणि हवा असलेला वेग. ड्राइव्हकडून दोन परत येतात : स्टेटस वर्ड आणि प्रत्यक्ष वेग. वेगाचा आकडा असा, की १६३८४ म्हणजे १०० टक्के. ड्राइव्हमध्ये संदर्भ वेग १५०० आरपीएम भरला असेल, तर ८१९२ पाठवल्यावर मोटर ७५० ने फिरेल.

कंट्रोल वर्डमध्ये नवीन मुलं हमखास अडकतात. हेक्साडेसिमलमध्ये आधी ०४७ई पाठवायचं, म्हणजे ड्राइव्ह तयार होतो. मग ०४७एफ, म्हणजे तो चालू होतो. दोन्हींत फरक फक्त शेवटच्या बिटचा, शून्याचा एक झाला एवढाच. ड्राइव्हला हा बदलच दिसावा लागतो. थेट ०४७एफ पाठवून ठेवलं, तर तो ढिम्म हलणार नाही. फॉल्ट आला तर रिसेटसाठी ०४एफई, पुन्हा ०४७ई आणि मग ०४७एफ. यातला दहावा बिट सांगतो, की ‘ताबा पीएलसीकडे आहे’. तो शून्य असेल, तर ड्राइव्ह तुमची आज्ञा मानतच नाही.

तिसरी पायरी प्रोग्रामची. एका ड्राइव्हचा फंक्शन ब्लॉक नीट लिहा आणि तोच सहा वेळा वापरा. कॉपी-पेस्ट करून सहा वेगवेगळे ब्लॉक ठेवलेत, तर पाच सुधारले जातात आणि सहावा राहून जातो. शिवाय इंटरलॉक घाला. पुढचा कन्व्हेयर थांबला, की मागचे थांबलेच पाहिजेत, नाहीतर माल साचून चोक होतो.

आता माझ्या तीन चुका.

पहिली चूक : स्क्रीनवरचा चौकोन मी आज्ञेला जोडला होता. ‘थांब’ सांगितलं, की स्क्रीन ‘बंद’ दाखवायची. मोटर खरंच थांबली का, हे विचारलंच नव्हतं. स्क्रीनवरचा रंग स्टेटस वर्डवरून आणि प्रत्यक्ष वेगावरून यायला हवा. आणि ड्राइव्हशी संपर्कच तुटला असेल, तर चालूही दाखवू नका, बंदही दाखवू नका. तिसरा रंग ठेवा : ‘माहीत नाही’.

दुसरी चूक : मॉडबससाठी ड्राइव्हमधला संपर्क तुटल्याचा टायमर मी शून्य ठेवला होता. त्या ड्राइव्हमध्ये शून्य म्हणजे तपासणी बंद. चाचणी करताना सारखा फॉल्ट येत होता म्हणून बंद केला आणि परत चालू करायला विसरलो. प्रोफिनेटमध्ये ही नजर मुळातच असते. साधारणपणे सलग तीन वेळा डेटा आला नाही, की संपर्क तुटला असं धरतात. डेटा दर ८ मिलिसेकंदांनी जात असेल, तर २४ मिलिसेकंदांत कळतं. पण कळल्यावर करायचं काय, हे तुम्ही ठरवायचं. रॉकवेलच्या पॉवरफ्लेक्स ५२५ मध्ये तर हे पर्याय स्पष्ट दिलेले आहेत. फॉल्ट घे, थांब, शून्य डेटा धर किंवा शेवटची आज्ञा धरून ठेव, यातला एक निवडायचा. शेवटचा पर्याय नेहमीच चूक नसतो. भट्टी थंड ठेवणारा पंखा संपर्क तुटला म्हणून थांबला, तर नुकसान जास्त. पण माणसाचा हात जिथे पोचू शकतो, तिथे थांबणं हेच उत्तर. सहा ड्राइव्ह असतील, तर हा प्रश्न सहा वेळा विचारा आणि उत्तर कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून लावा.

तिसरी चूक : ती माळ. ड्राइव्हची वीज गेली, की त्यातला छोटा स्विचही झोपतो आणि त्याच्या पुढच्या सगळ्यांचा संपर्क जातो. त्या कारखान्यात दुरुस्तीसाठी मधला एक ब्रेकर पाडला, की पुढचे ड्राइव्ह ऐकेनासे व्हायचे. म्हणून लोकांनी ब्रेकर पाडणंच सोडून दिलं होतं! हेल्परने स्क्रीनवर विश्वास ठेवून झाकण उघडायला घेतलं, त्यामागे माझी केबलची रचना होती. उपाय दोन आहेत. एक म्हणजे पॅनेलमध्ये इंडस्ट्रियल स्विच बसवून प्रत्येक ड्राइव्हला वेगळी केबल द्यायची. दुसरा, जी१२० सारख्या ड्राइव्हच्या कंट्रोल युनिटला बाहेरून २४ व्होल्ट द्यायचे. मग मुख्य वीज बंद असली, तरी बोलणं चालू राहतं.

केबलचं थोडक्यात. दोन उपकरणांमध्ये तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत. शील्डवाली वापरा, मोटरच्या केबलपासून निदान २० सेंटिमीटर दूर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. प्लग ओढून बघा. माझा सैल होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. इमर्जन्सी स्टॉप या साध्या डेटाच्या भरवशावर ठेवू नका. तो ड्राइव्हच्या एसटीओ टर्मिनलला, म्हणजे सेफ टॉर्क ऑफला, सेफ्टी रिलेमधून तारेने जोडा, किंवा त्यासाठीच बनवलेला प्रोफिसेफसारखा सुरक्षित प्रोटोकॉल वापरा. एसटीओ मोटरचा जोर काढून घेतो. तो ब्रेक लावत नाही आणि वीजही तोडत नाही. म्हणून झाकण उघडण्याआधी ब्रेकर पाडायचा, त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. त्याला पर्याय नाही.

साइट सोडण्याआधी चार चाचण्या करा, मोटर चालू असताना, झाकणं बंद ठेवून आणि माणसं दूर ठेवून. एक, प्रत्येक ड्राइव्ह एकटा चालवून बरोबर मोटर फिरते का बघा. दोन, एकेक इथरनेट केबल उपटा. तीन, पीएलसी स्टॉप मोडमध्ये टाका. चार, मधल्या एका ड्राइव्हचा ब्रेकर पाडा. प्रत्येक वेळी मोटरकडे बघा, मग स्क्रीनकडे बघा आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात का ते तपासा.

त्या कारखान्यात मी परत जाऊन तिन्ही चुका दुरुस्त केल्या. केबल उपटायची चाचणी फिटरकाकांकडूनच करून घेतली. त्यांनी प्लग काढला, पंख्याकडे बघत उभे राहिले आणि तो थांबल्यावरच मान हलवली.

पुढच्या भागात फॉल्टचे क्रमांक स्क्रीनवर वाचता येतील अशा शब्दांत कसे दाखवायचे, ते पाहू. तोपर्यंत तुमच्या पॅनेलमधले प्लग एकदा ओढून बघा. भेटू.