एसपीएन ११०, एफएमआय ४
डिझेल इंजिनाच्या पॅनेलवर उमटणारा फॉल्ट कोड ही इंजिनावरच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, नोंदवलेली तक्रार असते. कोणता पार्ट बदलायचा, हे ती सांगत नाही. रत्नागिरीत असे कोड जनरेटरवर, चिरेखाणीत आणि रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या यंत्रांवर दिसतात. मिरकरवाडा बंदरातल्या एखाद्या नौकेवर जुने यांत्रिक पंपाचे इंजिन असेल, तर तिथे कोडचा प्रश्नच नाही. आवाज, धुराचा रंग आणि ऑइलचे गेज यांवरूनच दुखणे ओळखावे लागते. जनरेटरच्या बाबतीत १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी-४ प्लस या प्रदूषण निकषांनी चित्र पालटले. ८०० किलोवॉटपर्यंतच्या सेटना ते लागू आहेत. धूर त्या मर्यादेत ठेवायचा तर मध्यम आणि मोठ्या इंजिनांत डिझेलचा फवारा ईसीयूच्याच ताब्यात द्यावा लागतो.

ईसीयू आणि पॅनेल यांचे बोलणे बहुधा एसएई जे१९३९ या पद्धतीने, एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून चालते. कोडमध्ये मुख्य आकडे दोन. एसपीएन बिघाडाची जागा सांगतो: १०० म्हणजे ऑइल प्रेशर, ११० कूलंटचे तापमान, १९० इंजिनाचा वेग, ९७ डिझेलमधले पाणी. एफएमआय बिघाडाचा प्रकार सांगतो; तो ० ते ३१ यांच्यात असतो. घाईत फक्त पहिला आकडा वाचला जातो आणि सेन्सरची ऑर्डर जाते. खरी मेख दुसऱ्या आकड्यात आहे. ० म्हणजे मोजमाप धोक्याच्या वर गेले, १ म्हणजे धोक्याच्या खाली आले. ३ म्हणजे सिग्नलचे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, ४ म्हणजे कमी. पहिले दोन बहुधा इंजिनाचे दुखणे, पुढचे दोन सेन्सर किंवा वायरिंगचे.

‘११०-०’ आला तर इंजिन तापले आहे असेच धरून चालावे. भार काढावा, इंजिन थंड होऊ द्यावे, मग कूलंटची पातळी, पट्टा आणि रेडिएटरची जाळी पाहावी. ‘११०-४’ मात्र थंडगार इंजिनावरही येतो. कूलंटच्या तापमानाचा हा सेन्सर साधारणपणे दोन तारांचा असतो. तापला की त्याचा रोध घटतो. त्याचे सॉकेट काढावे. ४ जाऊन ३ आला, तर तारा आणि ईसीयू ठीक आहेत, सेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. सॉकेट काढूनही ४ हटला नाही, तर तार कुठेतरी घासून इंजिनाच्या धातूला टेकली असण्याचा संभव मोठा; नवा सेन्सर लावणे म्हणजे पैसे पाण्यात. ‘११०-३’ असेल तर उलटी परीक्षा: सॉकेटच्या दोन पिना छोट्या तारेने जोडायच्या. कोड ४ झाला की वायरिंग निर्दोष.

रत्नागिरीत ही परीक्षा टाळून चालत नाही. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी सॉकेटातल्या पिनांवर हिरवा कळंक चढतो. सॉकेट ओढून पुन्हा बसवले की घासण्याने कोड जातो आणि काही दिवसांनी परत येतो. त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ कराव्या लागतात, फाटलेले रबरी सील बदलावे लागते, आणि इंजिन धुताना पाण्याचा झोत सॉकेटांपासून दूर ठेवावा लागतो.

तीन-चार सेन्सरांचे कोड एकदमच आले, तर ते सगळे एका वेळी बिघडले असतील ही शक्यता नगण्य. आधी त्यांचा सामाईक ५ व्होल्टचा पुरवठा, बॅटरी आणि अर्थिंग तपासावे. पॅनेलचा ईसीयूशी संपर्कच तुटला, तर बॅटरी बंद करून त्या दोन पिळलेल्या तारांमधला रोध मल्टिमीटरने मोजतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असल्याने वाचन ६० च्या आसपास हवे. १२० दिसले तर एक टोक सुटले आहे.

चालू कोड आणि जुने कोड ईसीयू वेगवेगळे ठेवतो, शिवाय प्रत्येक बिघाड किती वेळा आला हेही मोजतो. सॉकेट ढिले आहे की दोष कायमचा, याचा अंदाज या मोजणीवरून येतो, म्हणून कोड उडवण्याआधी सगळे आकडे लिहून घ्यावेत. बॅटरीची तार काढल्याने ही नोंद बहुतेक इंजिनांत जात नाही. ती सर्व्हिस टूलनेच पुसावी लागते.